कॉमेट एसे किट : शेपूट मोजतं, दुरुस्ती नाही

कॉमेट एसे म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्याला पडलेल्या तुटी, विजेच्या प्रवाहात निघणाऱ्या धूमकेतूसारख्या शेपटावरून मोजण्याची पद्धत. तिच्या किटच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डीएनए डॅमेज अँड रिपेअर’, म्हणजे इजा आणि दुरुस्ती, असं छापलेलं आहे. आत मात्र दुरुस्ती मोजणारी एकही बाटली नाही. पण तेवढ्यावरून किट टाकाऊ ठरत नाही. धाग्याच्या तुटी ते चांगल्या मोजतं, आणि त्या तुटींवरून दुरुस्तीपर्यंत पोचण्याची वाट मात्र घेणाऱ्याने स्वतः काढायची असते. वाशी, नेरूळ, खारघर, ठाणे इथल्या कॉलेजांत एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हे किट हमखास मागवलं जातं, आणि प्रबंधात ‘दुरुस्ती वाढली’, ‘दुरुस्ती कमी झाली’ अशी वाक्यं पडतात. ती बहुतेकदा किटच्या बळावर टिकत नाहीत, हे या परीक्षणाचं मुख्य कारण. कंपनीचं नाव देत नाही. परीक्षण या प्रकारच्या किटचं आहे.

आधी खोकं उघडू. अगारोजचा (थंड झाल्यावर जेलीसारखं गोठणारा पदार्थ) थर आधीच चढवलेल्या ३० स्लाइड, प्रत्येकीवर दोन वर्तुळं, म्हणजे एकूण ६० जेल. कमी तापमानाला वितळणाऱ्या अगारोजची १० मिलिलिटरची बाटली. अर्धा लिटर लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं द्रव. धातूंचे आयन बांधून ठेवणाऱ्या ईडीटीएची एक लहान बाटली. हिरवा चमकणारा रंग, तोही मायक्रोलिटरांत. बस्स. सोडियम हायड्रॉक्साइड तुमचं, टँक तुमचा, पॉवर पॅक तुमचा, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप तुमचा. मुद्दाम इजा केलेल्या पेशींचा नमुना, म्हणजे पॉझिटिव्ह कंट्रोल, खोक्यात नाही, एन्झाइमही नाहीत. तीस हजारांच्या घरात किंमत लावून हे सगळं बाहेर ठेवलंय, तेव्हा मागवण्याआधी आपल्याकडे काय आहे याची यादी भिंतीवर लावलेली बरी.

तत्त्व सोपं आहे. पेशी अगारोजमध्ये अडकवायच्या, मीठ आणि डिटर्जंट घालून पेशीचं आवरण आणि डीएनएला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं काढून टाकायची. मागे उरतो पीळ घातलेल्या वेटोळ्यांचा गोळा. एखाद्या वेटोळ्यात तूट असेल तर त्याचा पीळ सुटतो, आणि विजेचा प्रवाह दिल्यावर तेवढं वेटोळं धन टोकाकडे ओढलं जातं. मायक्रोस्कोपखाली डोकं आणि शेपूट असलेला धूमकेतू दिसतो. १९८४ मध्ये ओस्टलिंग आणि योहान्सन यांनी हे उदासीन बफरमध्ये केलं. १९८८ मध्ये नरेंद्र सिंग आणि सहकाऱ्यांनी पीएच १३ च्या वर नेलं, आणि तेव्हापासून एकेरी तुटीही, म्हणजे दोनपैकी एकाच धाग्यातल्या, दिसू लागल्या. हे किट त्या अल्कधर्मी पद्धतीचं आहे.

इथेच माहितीपत्रकातली पहिली चूक. त्यात शेपटाची लांबी मोजायला सांगितलंय. वेटोळं सुटून जितकं लांब जाऊ शकतं तितकं ते थोड्याच तुटींत जातं. पुढे तुटी वाढल्या की लांबी तीच राहते, शेपटात शिरणारा डीएनए वाढतो. म्हणून ‘शेपटातला डीएनए किती टक्के’ हा आकडा घ्यायचा, लांबी नाही. ओपनकॉमेट आणि कॅस्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि दोन्ही हा आकडा देतात. डोळ्याने मोजायचं असेल तर ० ते ४ असे पाच वर्ग, १०० पेशी, म्हणजे गुण ० ते ४००. सवयीच्या माणसाकडून हेही चांगलं जमतं, फक्त कुठली स्लाइड कुठल्या नमुन्याची हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं.

आता कृती, आणि प्रत्येक ठिकाणी काय बिघडतं ते.

पेशी आधी ट्रिपॅन ब्लूने, म्हणजे मेलेल्या पेशींनाच चढणाऱ्या निळ्या रंगाने, तपासा. ८० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर पुढे जाऊ नका. मरणाऱ्या पेशींचा डीएनए आपोआप तुकडे तुकडे होतो आणि तुमच्या औषधाच्या नावावर जमा होतो. पेशींचं द्रव एक भाग, वितळलेलं अगारोज दहा भाग, ३७ अंशाला ठेवलेलं. एका जेलमध्ये १० ते २० हजार पेशी पुरतात. जास्त घातल्या की शेपटं एकमेकांवर चढतात आणि सॉफ्टवेअर दोन धूमकेतूंचा एक करून टाकतं. एका वर्तुळात ७५ मायक्रोलिटर. अगारोजची बाटली पुन्हा पुन्हा वितळवू नका. दर वेळी पाणी उडतं, अगारोज घट्ट होतं, जाळी बारीक होते आणि शेपटं आखूड होतात. चौथ्या आठवड्यातला निकाल पहिल्या आठवड्याशी जुळत नाही तो यामुळे. पहिल्याच दिवशी एक-एक मिलिलिटर वेगळ्या नळ्यांत भरून ठेवा.

स्लाइडवरचा आधीचा थर ही या किटची सर्वात कमकुवत बाजू. उन्हाळ्यात तो नीट धरतो. जुलैत, खाडीकाठच्या हवेत, पाकीट एकदा फोडलं की थर ओल शोषतो आणि लायसिसमधून बाहेर काढताना जेल सरकून भांड्याच्या तळाशी जाऊन बसतं. उपाय आहेत: उरलेल्या स्लाइड सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, वापरण्याआधी १५ मिनिटं ३७ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये गरम करा, आणि जेल घातल्यावर थंड धातूच्या ट्रेवर ४ अंशाला १० मिनिटांऐवजी ३० मिनिटं ठेवा. तरीही पावसाळ्यात काही जेल जातातच, म्हणून प्रत्येक नमुन्याची दोन वर्तुळं एकाच स्लाइडवर न घेता दोन वेगळ्या स्लाइडवर घ्या.

लायसिस ४ अंशाला किमान एक तास. रात्रभर ठेवलं तरी चालतं. रक्त वापरणार असाल तर बफरमध्ये १० टक्के डीएमएसओ हे रॅडिकल टिपून घेणारं द्रव हवंच. फुटलेल्या तांबड्या पेशींतलं लोह नाहीतर तिथल्या तिथे डीएनए तोडतं. किटच्या बफरमध्ये डीएमएसओ नाही आणि माहितीपत्रकात त्याचा एका ओळीत उल्लेख आहे, तोही शेवटच्या पानावर. इथून पुढचं सगळं काम मंद पिवळ्या दिव्यात, ट्यूबलाइट बंद.

मग अल्कली. ३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीए, ताजं केलेलं आणि आधी थंड केलेलं. लिटरला १२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, ०.३७ ग्रॅम ईडीटीए. जुन्या बरणीतल्या ओलसर गोळ्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतलेला असतो, वजन बरोबर पण पीएच कमी, आणि शेपटं दिसतच नाहीत. २० मिनिटं धागे उलगडू द्या, मग त्याच द्रवात २० ते ३० मिनिटं प्रवाह.

बहुतेकांचा प्रयोग या प्रवाहाच्या भागातच फसतो. ‘२५ व्होल्ट, ३०० मिलिॲम्पिअर’ हा आकडा एका विशिष्ट टँकचा आहे, तो देवाघरून आलेला नाही. खरा आकडा म्हणजे स्लाइड ज्या पाटावर ठेवतात त्याच्या दर सेंटिमीटरला साधारण ०.७ ते १ व्होल्ट. पाट २० सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या दोन टोकांत १४ ते २० व्होल्ट दिसले पाहिजेत. पॉवर पॅकवरचा आकडा वाचू नका. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि पाटाच्या दोन टोकांना मोजा. द्रवाची पातळी वाढली की विद्युतधारा वाढते, कमी झाली की घटते, म्हणून स्लाइडवर दर वेळी तितकंच द्रव मोजून घाला. कॉलेजातले डीएनए जेलसाठीचे छोटे पॉवर पॅक इतक्या खारट द्रवात धारा मर्यादेबाहेर गेली की स्वतःच बंद पडतात. हे किट घेण्याआधी पॉवर पॅकची कमाल धारा बघा.

आणि तापमान. मे महिन्यात एसी नसलेल्या प्रयोगशाळेत हवा ३३-३४ अंश असते. अल्कली गरम झालं की तुटी नसलेल्या पेशींचीही शेपटं वाढतात. टँक फ्रिजमध्ये किंवा कोल्ड रूममध्ये मावत नसेल तर बर्फाच्या परातीत ठेवा. दिवाळे कोळीवाड्यातून मासळीचा बर्फ आणला तरी चालतो, पण तो टँकखाली, टँकमध्ये नाही. मध्येच वीज गेली तर ती फेरी सोडून द्या. दिवे परत येईपर्यंत अल्कली आपलं काम करतच असतं, आणि मग त्या स्लाइडची इतर स्लाइडशी तुलना उरत नाही.

शेवटी अल्कली उदासीन करायला ०.४ मोलर ट्रिस बफर, पीएच ७.५, पाच-पाच मिनिटं तीनदा. मग रंग. एका नमुन्यामागे किमान १०० पेशी, जेलच्या मधल्या भागातल्या; कडेच्या आणि बुडबुड्याजवळच्या सोडा. काही पेशींत डोकंच नसतं, सगळा डीएनए शेपटात. साळिंदरासारख्या फुललेल्या दिसतात. त्या म्हणजे आत्मघात करणाऱ्या पेशी, असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तसं धरून चालू नका. नुसती जबर इजा झालेली, पुढे सावरणारी पेशीही अशीच दिसते. त्या वेगळ्या मोजून नोंदवा.

कोऱ्या, इजा न केलेल्या पेशींत शेपटातला डीएनए १० टक्क्यांच्या आत असला तर तुमचा हात बसला. सरावासाठी माणसाचं रक्त वाया घालवू नका, त्याला नीतिमत्ता समितीची परवानगीही लागते. कोंबडीच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं. चिकनच्या दुकानातून ईडीटीएच्या नळीत घेतलेलं ताजं रक्त बर्फावर आणा, थेंबभरात शंभर विद्यार्थ्यांची सोय होते. तुटी बघायला ते उत्तम. दुरुस्ती बघायला मात्र वाढती पेशीरेषा, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, हवी.

आता त्या दुसऱ्या शब्दाकडे, ‘रिपेअर’कडे.

शेपूट ही एका क्षणाची स्थिती आहे. त्या क्षणी पेशीत किती तुटी उघड्या आहेत एवढंच ती सांगते. तुटी झाल्याच कमी, की झाल्या आणि सांधल्या गेल्या, हे एका स्लाइडवरून कळत नाही. काळाबरोबर स्लाइड घेतल्या तरच दुरुस्ती दिसते. पद्धत अशी: पेशी बफर केलेल्या मिठाच्या पाण्यात बर्फावर ठेवा आणि ५० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड पाच मिनिटं द्या. वाढीच्या माध्यमात देऊ नका, कारण त्यातलं पायरुव्हेट पेरॉक्साइड खाऊन टाकतं आणि तुम्ही पाणीच घातल्यासारखं होतं. पेरॉक्साइड दर वेळी ३० टक्क्यांच्या बाटलीतून ताजं पातळ करा. ती बाटली सुमारे ९.८ मोलर असते. दोनदा धुवा, ३७ अंशाचं ऊबदार माध्यम घाला, आणि ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना नमुने थेट बर्फावर. एक नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बर्फावरच. तिच्यातलं शेपूट कमी झालं नाही आणि ऊबदार नळीतलं झालं, तरच ते काम एन्झाइमांचं.

त्या तासाभरात आत काय चाललेलं असतं ते ठाऊक असलं तर आकड्यांचा अर्थ लागतो. पेरॉक्साइड पेशीतल्या लोहाशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवतं आणि ते धाग्याचा कणा तोडतं. तूट दिसताच पार्प-१ हे प्रथिन तिथे चिकटतं आणि स्वतःवर साखळ्या विणून इतरांना बोलावतं. एक्सआरसीसी-१ हे दुसरं प्रथिन मचाण बांधतं. तुटलेली टोकं साधी नसतात, त्यांवर फॉस्फेट चुकीच्या जागी असतं. ती पीएनकेपी हे एन्झाइम साफ करतं. पॉलिमरेज बीटा हे एन्झाइम हरवलेलं अक्षर (डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी एक) भरतं, लायगेज-३ टाका घालतं. वाढत्या पेशींत बहुतेक एकेरी तुटी तासाभरात सांधल्या जातात. पार्प रोखणारं औषध, उदाहरणार्थ ओलापरिब, घातलं की हे मंदावतं. प्रयोग खरोखर दुरुस्तीच मोजतोय का याची ती चांगली परीक्षा.

पण पेरॉक्साइड नुसतं कणा तोडत नाही, अक्षरंही बिघडवतं. ग्वानिनचं, म्हणजे जी या अक्षराचं, ऑक्सोग्वानिन होतं, आणि प्रत तयार होताना ते सी ऐवजी ए शी जोडी जमवतं. धागा अखंड असतो, म्हणून हे किट त्या इजेला आंधळं आहे. ते बघायला लायसिसनंतर जेलवर एफपीजी हे जिवाणूंचं एन्झाइम घालतात, ३७ अंशाला ३० मिनिटं. ते बिघडलेलं अक्षर कापून तिथे तूट करतं आणि तूट किटला दिसते. एन्झाइम घातलेल्या जेलमधून नुसत्या बफरच्या जेलचा आकडा वजा करायचा. बफर : ४० मिलिमोलर हेपीस, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.५ मिलिमोलर ईडीटीए, मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम अल्ब्युमिन, पीएच ८. यासाठी पॉझिटिव्ह कंट्रोल पेरॉक्साइडचा नको, पोटॅशियम ब्रोमेटचा घ्या. ते तुटी कमी आणि ऑक्सोग्वानिन जास्त करतं. (पावात घालायला आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली, तेच हे.) पेशी हे अक्षर ओजीजी-१ या स्वतःच्या एन्झाइमने काढते, आणि ते काम एकेरी तूट सांधण्याहून बरंच सावकाश चालतं. म्हणजे शेपूट तासाभरात गायब झालं म्हणून पेशी पूर्ववत झाली असं नाही.

सर्वात मोठी फसगत अतिनील किरणांत. सूर्यप्रकाशातला हा भाग कणा तोडत नाही, शेजारच्या दोन अक्षरांना एकमेकांना चिकटवतो. ती गाठ एक्सपीसी हे प्रथिन हुडकतं, टीएफआयआयएच हा प्रथिनांचा संच तिथला धागा उलगडतो, एक्सपीजी एका बाजूने आणि एक्सपीएफ दुसऱ्या बाजूने कापतं, सुमारे २४ ते ३२ अक्षरांचा तुकडा निघतो आणि मोकळी जागा नव्याने भरली जाते. कापल्यापासून भरेपर्यंत तूट उघडी असते, आणि किटला दिसते ती तेवढीच. परिणाम असा की निरोगी पेशीत अतिनील किरणांनंतर थोडं शेपूट येतं, आणि झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाच्या पेशीत, जिथे ही कापणारी कात्रीच चालत नाही, शेपूट जवळपास येतच नाही. माहितीपत्रकाप्रमाणे वाचलं तर रुग्णाच्या पेशी जास्त तंदुरुस्त! ज्या प्रबंधांत कुठल्याशा वनस्पतीच्या अर्काने अतिनील इजा ‘बरी केली’ असं शेपूट आखूड दाखवून लिहिलंय, तिथे अर्काने दुरुस्तीच बंद पाडली असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. तपास अवघड नाही. ॲफिडिकोलिन हे रसायन घालून मोकळ्या जागेची भरणी थांबवायची. कात्री चालू असेल तर उघड्या तुटी साचत जातात आणि शेपूट वाढतं. नसेल तर वाढत नाही.

सिसप्लॅटिन, मायटोमायसिन यांसारखी औषधं दोन धागे एकमेकांना शिवतात, त्यामुळे शेपूट उलट आखडतं. त्यांच्यासाठी आधी ठरावीक तुटी करून मग आखडणं मोजावं लागतं. दुहेरी तुटींसाठी हे किट घेऊ नका. एक ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा किरणांनी पेशीत साधारण हजार एकेरी तुटी होतात आणि दुहेरी जेमतेम ४०. अल्कली दोन्हींना एकाच शेपटात घालतं आणि दुहेरी तुटी एकेरी तुटींच्या गर्दीत हरवतात. त्यासाठी गॅमा-एचटूएएक्सचे, म्हणजे दुहेरी तुटीभोवती खूण होणाऱ्या प्रथिनाचे, ठिपके मोजा.

बाटल्यांच्या किमतीबद्दल थोडं. लायसिस बफर घरी, म्हणजे प्रयोगशाळेत, करायला लिटरला १४६ ग्रॅम मीठ, ३७.२ ग्रॅम ईडीटीए, १.२ ग्रॅम ट्रिस आणि पीएच १० येईपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, सुमारे ८ ग्रॅम. ईडीटीए आधी विरघळत नाही म्हणून घाबरू नका, पीएच ८ च्या पुढे गेल्यावर विरघळतं. ट्रायटन हे डिटर्जंट १ टक्का, वापराच्या वेळीच. साध्या स्लाइड १ टक्का नेहमीच्या अगारोजमध्ये बुडवून, मागची बाजू पुसून, रात्रभर सुकवल्या की थर तयार, आणि पावसाळ्यात तो किटच्या थराइतकाच धरतो. किटमध्ये खरं पैसे देण्याजोगं म्हणजे रंग आणि एकसारख्या स्लाइड. एकच छोटा प्रोजेक्ट, सहा-सात नमुने, हाताशी शिकवणारं कुणी नाही, अशा ठिकाणी किट घ्या. वर्षभर चालणाऱ्या कामाला पैसे एफपीजी, मल्टिमीटर आणि चांगल्या पॉवर पॅकवर घाला.

मागवताना वितरकाला तीन गोष्टी लिहून विचारा: रंगाची मुदत, लायसिस बफर ४ अंशाला ठेवल्यावर तळाशी मीठ बसतं का (बसलं तर कोमट करून हलवा, टाकू नका), आणि रंगाची बाटली बर्फासकट येणार का. तुर्भ्याच्या गोदामातून खारघरपर्यंत अंतर फार नाही, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुपारच्या उन्हात टेम्पोत पडून राहिलेलं खोकं आतून गरमच निघतं. डिलिव्हरी सकाळची मागा आणि खोकं सही करण्याआधी उघडून बघा.